उपग्रह डोक्यावर पडेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादा मोठा उपग्रह खाली येणार अशी बातमी झळकली की दोन दिवसांत मला तेच ते मेसेज येऊ लागतात. काही रात्री दोन वाजता येतात. 'तुम्ही झोपला असाल, पण मला झोप लागत नाहीये' अशी त्यांची सुरुवात असते. या भीतीला मी कधीच वेडगळ म्हणणार नाही. आकाशातून धातूचे तुकडे पडतात हे खरं आहे, आणि 'नेमका कुठे पडेल सांगता येत नाही' असं अवकाश संस्थाच सांगतात. पण 'कुठे पडेल सांगता येत नाही' आणि 'कुणाच्याही डोक्यावर पडू शकतो' या दोन वाक्यांत फार मोठं अंतर आहे. बहुतेक घबराट हे अंतर न दिसल्यामुळे होते. खालचे प्रश्न लोकांनी पाठवलेले आहेत, सारखे असलेले एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. उपग्रह वर कशाच्या आधारावर राहतो? आत्ताच का पडत नाही?

तो आत्ताही पडतोच आहे. चारशे किलोमीटर उंचीवर पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतं, तेव्हा 'वर ओढच नाही' हा गैरसमज आधी काढून टाका. उपग्रह आडव्या दिशेने सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेगाने धावत असतो. तो जेवढा खाली येतो, तेवढीच त्याच्या खालची जमीन पृथ्वीच्या गोलाईमुळे दूर वळलेली असते. म्हणून तो पडत राहतो आणि पोचत मात्र नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. बंद पडणं वेगळं आणि खाली पडणं वेगळं. वीज गेली, संपर्क तुटला, इंधन संपलं, तरी उपग्रह दगडासारखा कोसळत नाही. तो आहे त्याच वाटेवर फिरत राहतो, कधीकधी शतकानुशतकं.

२. मग तो खाली येतो कशामुळे?

हवेमुळे. वातावरण एखाद्या रेषेवर संपत नाही, ते विरळ होत जातं. चार-पाचशे किलोमीटरवरही हवेचे थोडे कण असतात, आणि त्यांना धडकून उपग्रहाचा वेग कणाकणाने कमी होतो. वेग कमी झाला की उंची कमी होते, खाली हवा जास्त दाट, म्हणून वेग आणखी कमी होतो. सुरुवातीला ही घसरण वर्षांच्या हिशेबात चालते, शेवटच्या दिवसांत तासांच्या.

चारशे किलोमीटरच्या आसपासची वस्तू ढकलून वर नेली नाही तर साधारण वर्षा-दोन वर्षांत उतरते. आठशे किलोमीटरवरची शंभर वर्षंही राहू शकते. जगातला पहिला उपग्रह स्पुटनिक ४ ऑक्टोबर १९५७ ला वर गेला आणि ४ जानेवारी १९५८ ला जळून गेला, कारण त्याच्या कक्षेचं खालचं टोक फार जवळ होतं.

३. खाली येताना सगळं जळून जातं म्हणतात. मग तुकडे कसे सापडतात?

सगळं जळत नाही. पुढची हवा प्रचंड वेगाने दाबली गेल्यामुळे ती तापते आणि त्या उष्णतेत उपग्रह सापडतो. साधारण ऐंशी किलोमीटर उंचीच्या आसपास त्याचे मुख्य तुकडे होतात. पुढे काय उरायचं ते धातू ठरवतो. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं, त्यामुळे बाहेरचा सांगाडा बहुतेक नाहीसा होतो. टायटॅनियमला सुमारे १६७० अंश लागतात. म्हणून जे सापडतं ते ठरावीकच असतं: इंधनाच्या किंवा दाबाखालच्या वायूच्या गोल टाक्या, इंजिनाचे भाग, रॉकेटच्या टप्प्यांमधली, म्हणजे एकावर एक रचलेल्या भागांमधली, जाड गोल कडी. मोठ्या वस्तूंच्या वजनातला साधारण १० ते ४० टक्के भाग जमिनीपर्यंत पोचतो असा सर्वसाधारण अंदाज धरतात.

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या असंख्य लोकांनी आकाशात जळत्या रेघा पाहिल्या. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं, आणि आजूबाजूच्या भागात धातूचे गोळे. ते चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे भाग असल्याचं मानलं जातं. ते फोटो नीट पाहिलेत तर वर सांगितलेली यादीच समोर दिसते, कडं आणि टाक्या.

आणखी एक. हे तुकडे कक्षेतल्या वेगाने जमिनीवर आदळत नाहीत. हवेने तो वेग आधीच मारलेला असतो. शेवटचे काही किलोमीटर ते उंचावरून टाकलेल्या जड वस्तूसारखे पडतात. जीव घ्यायला तेवढं पुरेसं आहे, पण गावं उडवणारे स्फोट वगैरे जे फिरवलं जातं त्यात तथ्य नाही.

४. असं किती वेळा होतं?

तुम्हाला वाटतं त्याहून कितीतरी जास्त. नोंद ठेवलेली निदान एक वस्तू सरासरी रोज वातावरणात शिरते: जुने उपग्रह, रॉकेटचे रिकामे टप्पे, सुटे भाग. बहुतेक लहान असतात आणि जमिनीपर्यंत काहीच पोचत नाही. बातमी फक्त काही टनांच्या वस्तूची होते, म्हणून हे क्वचित घडतं असं वाटतं. ज्यांना फार भीती वाटते त्यांना मी ही गोष्ट सर्वांत आधी सांगतो. तुम्ही जन्मल्यापासून हे चालू आहे, आणि इतकी वर्षं तुम्ही शांत झोपलात.

५. आजवर कुणाला लागलंय का? कुणी गेलंय का?

कक्षेतून परतलेल्या तुकड्याने माणूस दगावल्याची एकही सिद्ध झालेली नोंद नाही. लागल्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण १९९७ चं. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात पहाटे फिरणाऱ्या एका महिलेच्या खांद्याला जळकट, जाळीसारखा हलका तुकडा लागला. तो डेल्टा २ रॉकेटचा असल्याचं मानलं जातं. तिला इजा झाली नाही. त्याच रॉकेटची सुमारे अडीचशे किलोची पोलादी टाकी टेक्सासमध्ये उघड्यावर पडली. एकाच वस्तूचे हे दोन तुकडे. कुणाला कुठला लागला असता यावर काय काय अवलंबून होतं, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

सर्वांत जवळून हुकलेली घटना ८ मार्च २०२४ ची. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून २०२१ मध्ये जुन्या बॅटऱ्यांचा एक गठ्ठा सोडून दिला होता. तो परतला तेव्हा त्यातला सुमारे ७०० ग्रॅमचा धातूचा दांडा फ्लोरिडातल्या नेपल्स इथे एका घराचं छप्पर फोडून आत आला. लांबी दहा सेंटिमीटर, जाडी चार. मुठीत मावेल एवढा. घरातला मुलगा दोन खोल्या पलीकडे होता. 'तो पूर्ण जळेल' असा आधीचा अंदाज होता. म्हणून 'काहीच होऊ शकत नाही' असं मी कुणालाही सांगत नाही.

१ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान सात अंतराळवीरांसह तुटलं, त्यात कल्पना चावला होत्या. यानाचे ८० हजारांहून अधिक तुकडे टेक्सास आणि लुइझियानाच्या परिसरात गोळा केले गेले. जमिनीवर कुणीही जखमी झालं नाही.

रॉकेट उडतानाच्या अपघातांचा हिशेब वेगळा आहे, तो प्रश्न १५ मध्ये.

६. बातमीत 'माणसाला लागण्याची शक्यता ३२०० मध्ये एक' असं होतं. म्हणजे माझी शक्यता ३२०० मध्ये एक?

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत जास्त त्रास देतो. हा आकडा सप्टेंबर २०११ मध्ये परतलेल्या नासाच्या यूएआरएस उपग्रहाचा. त्याचे २६ तुकडे, मिळून पाचशे किलोहून जास्त, खाली पोचतील असा अंदाज होता. ३२०० मध्ये एक ही शक्यता *जगात कुठेही, कुणाही एका माणसाला* लागण्याची होती. तेव्हा जगात सुमारे ७०० कोटी माणसं होती. ३२०० गुणिले ७०० कोटी करा. तो माणूस तुम्हीच असण्याची शक्यता येते साधारण २२ लाख कोटींत एक. उपग्रह अखेर प्रशांत महासागरात पडला.

मग संस्था तो आकडा देतातच कशाला? कारण तो त्यांच्यासाठी आहे. अनेक देशांत १०,००० मध्ये एक ही मर्यादा पाळतात, धोका तिच्याहून जास्त असेल तर यान मुद्दाम समुद्रात उतरवण्याची सोय हवी. यूएआरएस १९९१ चा, हा नियम रुळण्याच्या आधीचा. बातमी देणाऱ्यांनी आकड्यासोबत 'जगातल्या कुणाही एकाला' हे तीन शब्द लिहिले तर कितीतरी घरांत शांत झोप लागेल, असं मला मनापासून वाटतं.

७. चंद्रावर यान अचूक उतरवतात, मग उपग्रह कुठे पडेल हे का सांगता येत नाही?

चंद्रावर उतरणाऱ्या यानाला इंजिन असतं आणि तिथे हवा नसते. इथे बंद पडलेली, गडगडत जाणारी वस्तू आहे आणि वरच्या हवेची घनता रोज बदलते. सूर्यावर वादळं झाली की पृथ्वीचं वरचं वातावरण तापून फुगतं आणि उपग्रहावरचा अडथळा वाढतो. त्यात वस्तू आडवी येतेय की उभी, यानेही फरक पडतो.

ढोबळ नियम असा, की जेवढा वेळ उरलाय त्याच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी चूक धरायची. पाच दिवस उरले असतील तर एक दिवस इकडे किंवा तिकडे. पृथ्वीची एक फेरी नव्वद मिनिटांत होते, म्हणजे एका दिवसाच्या चुकीत सोळा फेऱ्या आल्या. एका तासाची चूक म्हणजे सुमारे २८ हजार किलोमीटर. अगदी शेवटी एक मिनिट चुकलं तरी पावणेपाचशे किलोमीटरचा फरक.

म्हणून 'अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक शहरावर' असा मेसेज तीन दिवस आधी आला, तर तो खोटा आहे हे न शोधताच समजा. इतकी अचूक वेळ आधी कुणाकडेच नसते. खऱ्या सूचनेत वेळेची मोठी पट्टी असते आणि ती दर काही तासांनी आक्रसत जाते. ती आक्रसते तशी पृथ्वीचे भाग एकेक करून यादीतून गळत जातात. मी स्वतः हेच बघत बसतो.

८. 'नियंत्रित' आणि 'अनियंत्रित' म्हणजे काय? बातमीत हे दोन्ही शब्द असतात.

बातमीत आधी हाच शब्द शोधा. नियंत्रित म्हणजे इंधन शिल्लक ठेवून, इंजिन उलट चालवून, ठरवलेल्या ठिकाणी उतरवणं. यासाठी दक्षिण प्रशांत महासागरातली पॉइंट निमोच्या आसपासची जागा वापरतात. तिथून सर्वांत जवळची जमीन जवळजवळ २,७०० किलोमीटर दूर आहे. सुमारे १३० टनांचं रशियाचं मीर स्थानक २३ मार्च २००१ ला असंच दक्षिण प्रशांतात उतरवलं. इस्रोने ७ मार्च २०२३ ला मेघा-ट्रॉपिक्स-१ उपग्रह प्रशांतावर आणून संपवला. त्या उपग्रहाच्या बांधणीत ही सोय मुळात ठेवलेली नव्हती, उरलेल्या इंधनावर हे जमवलं, म्हणून मला त्याचं विशेष कौतुक वाटतं.

अनियंत्रित म्हणजे निसर्गाच्या भरवशावर. २०१८ मध्ये चीनचं साडेआठ टनांचं तिआनगोंग-१ स्थानक असं आलं. चीनच्या लाँग मार्च ५बी रॉकेटचा वीस टनांच्या आसपासचा मुख्य टप्पाही असाच येत राहिला. २०२० मध्ये त्याचे तुकडे आयव्हरी कोस्टमधल्या गावांत पडले, २०२१ मध्ये मालदीवजवळ समुद्रात. एवढी मोठी वस्तू परतीची सोय न करता वर पाठवणं चूक आहे, मग तो देश कुठलाही असो.

९. आमचा भाग धोक्याच्या पट्ट्यात आहे की नाही, हे मला स्वतः बघता येईल का?

येईल, आणि त्याला गणित फारसं लागत नाही. प्रत्येक कक्षेला एक कल असतो, अंशांत दिलेला. ४३ अंश कल असलेली वस्तू ४३ अंश उत्तर आणि ४३ अंश दक्षिण यांच्या दरम्यानच फिरते, त्यापलीकडे जातच नाही. तुमचा अक्षांश कलाच्या आकड्याहून मोठा असेल तर विषय तिथेच संपला. तिआनगोंग-१ चा कल साधारण ४३ होता, त्यामुळे लंडन आणि मॉस्को पहिल्या दिवसापासून मोकळे होते.

अक्षांश लहान असेल तर तुम्ही पट्ट्यात आहात, पण त्या पट्ट्यात बहुतांश समुद्र आहे. पृथ्वीचा ७१ टक्के भाग पाणी, उरलेल्या जमिनीत वाळवंटं, जंगलं, डोंगर. शेवटच्या दिवशी संस्था नकाशावर उरलेल्या फेऱ्यांच्या रेषा काढून देतात. तुकडे त्या रेषेच्या बाजूनेच पडतात: लांबी शेकडो किलोमीटर, रुंदी मात्र काही दहा किलोमीटर. रेषा तुमच्यापासून दोनशे किलोमीटर बाजूने गेली तर झोपायला जा.

१०. आजोबा सांगतात १९७९ मध्ये लोक फार घाबरले होते. तेव्हा नेमकं काय झालं?

स्कायलॅब. अमेरिकेचं पहिलं अवकाश स्थानक, १४ मे १९७३ ला सोडलेलं, सुमारे ७७ टनांचं. नवं स्पेस शटल तयार झालं की ते जाऊन त्याला वर ढकलेल असा बेत होता. पण सूर्यावरची खळबळ अपेक्षेहून जास्त वाढली, वातावरण फुगलं, स्कायलॅब वेगाने उतरू लागलं आणि शटल १९८१ पर्यंत उडालंच नाही. भारतासह अनेक देशांत घबराट पसरली. आजोबांची आठवण अगदी खरी आहे, त्यांना खोटं ठरवू नका.

११ जुलै १९७९ ला ते आलं. हिंदी महासागरात पडेल अशा बेताने शेवटी त्याची गती थोडी वळवली होती, पण ते अंदाजापेक्षा उशिरा तुटलं आणि तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्पेरन्स गावाच्या परिसरात पसरले. कुणालाही लागलं नाही. एस्पेरन्सच्या स्थानिक प्रशासनाने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड लावला. तो २००९ मध्ये एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून पैसे जमवून भरला.

११. रात्री आकाशात जळत जाणारं काहीतरी दिसलं. उपग्रह होता की उल्का?

मनात मोजा. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते आणि दोन-चार सेकंदांत संपते. 'अरे ते बघ' म्हणेपर्यंत ती गेलेली असते. परतणारा उपग्रह किंवा रॉकेट निवांत जातो, अर्धा मिनिट, कधी मिनिटभर किंवा जास्त. आडवा जातो, आणि एकाचे अनेक ठिपके होऊन ते मागेपुढे एकाच वाटेने सरकतात, प्रत्येकाला शेपटी. तुम्हाला घरातल्यांना बाहेर बोलवायला वेळ मिळाला आणि त्यांनाही दिसलं, तर ती बहुधा उल्का नव्हती. आणि हे दृश्य सहसा साठ-सत्तर किलोमीटर उंचीवरचं असतं, 'पलीकडच्या शेतात पडलं' असं वाटतं तेव्हाही.

सरळ रेषेत, सारख्या अंतरावर, न जळता, आवाज न करता जाणारे दिव्यांसारखे ठिपके म्हणजे इंटरनेट पुरवणारे, नुकतेच सोडलेले स्टारलिंक उपग्रह. ते पडत नसतात, वर चढत असतात.

१२. तुकडा सापडला तर काय करायचं? ठेवून घेता येईल?

हात लावू नका. या विषयात मी फक्त इथे आवाज चढवून बोलतो. टाकीत हायड्राझिन या इंधनाचा अंश असू शकतो, ते त्वचेला आणि फुप्फुसांना फार घातक आहे. टाकीत दाब शिल्लक असू शकतो. कार्बन तंतूंच्या कडा काचेसारख्या कापतात. मुलांना आणि जनावरांना दूर ठेवा, लांबून फोटो काढा, वास घ्यायला वाकू नका, पोलिसांना कळवा. लाडबोरीतलं कडं पोलिसांनीच ताब्यात घेतलं होतं, तीच योग्य वाट.

ठेवून घेता येत नाही. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार वस्तू कितीही तुकडे होऊन कुठेही पडली तरी मालकी ज्याची त्याचीच राहते. १९६८ च्या करारानुसार मालक देशाने मागितली तर ती परत करावी लागते.

१३. घराचं, शेताचं नुकसान झालं तर भरपाई कोण देतं?

ज्या देशाने सोडलं तो देश. १९७२ च्या दायित्व करारानुसार जमिनीवर किंवा उडत्या विमानाला झालेल्या नुकसानीची पूर्ण जबाबदारी सोडणाऱ्या देशाची, त्यात त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. खासगी कंपनीचा उपग्रह असला तरी तिचा देशच उत्तरदायी. मागणी मात्र तुम्ही थेट करायची नसते, तुमच्या सरकारने त्यांच्या सरकारकडे करायची, आणि ती वर्षभरात. त्यामुळे पंचनामा, फोटो, तारीख-वेळ पहिल्याच दिवशी नोंदवून ठेवा.

यात एक खाच आहे. ज्या देशाने सोडलं त्याच देशाच्या नागरिकाचं नुकसान झालं तर हा करार लागू होत नाही. प्रश्न ५ मधल्या फ्लोरिडाच्या कुटुंबाला म्हणूनच देशांतर्गत कायद्याने नासाकडे दावा करावा लागला.

१४. उपग्रहात अणुइंधन असतं का? ते पडलं तर?

बहुतेक सगळे उपग्रह सौर पट्ट्यांवर चालतात. अपवाद मात्र गंभीर आहेत. सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला टेहळणी उपग्रह २४ जानेवारी १९७८ ला कॅनडाच्या वायव्य भागातल्या बर्फाळ, विरळ वस्तीच्या प्रदेशावर कोसळला आणि किरणोत्सारी तुकडे शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरले. कॅनडा आणि अमेरिकेच्या पथकांनी महिनोन्महिने हिवाळ्यात ते वेचले. कॅनडाने ६० लाख डॉलर मागितले, १९८१ मध्ये ३० लाख मिळाले.

त्याआधी १९६४ मध्ये एक अमेरिकी उपग्रह कक्षेत पोचलाच नाही आणि त्यातलं प्लुटोनियम वातावरणात जळून पसरलं. त्यानंतर अमेरिकेने अणुइंधनाची पात्रं न जळता अखंड राहतील अशी बांधायला सुरुवात केली. ते जुने सोव्हिएत भट्टीवाले उपग्रह आता बनत नाहीत. त्यांच्या भट्ट्यांचे गाभे काम संपल्यावर नऊशे-हजार किलोमीटरवर ढकलले गेले, तिथे ते अजून फिरताहेत. तिथून खाली यायला शेकडो वर्षं लागतील.

१५. रॉकेट सोडताना जे टप्पे पडतात तेही यातच धरायचे का?

नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. कक्षेत न पोचलेली वस्तू इंधनासह, ठरावीक मार्गाखाली, थोड्याच वेळात पडते. इथे माणसं खरोखर दगावली आहेत. १५ फेब्रुवारी १९९६ ला चीनच्या शिचांग तळावरून सुटलेलं लाँग मार्च ३बी काही सेकंदांत कलंडून जवळच्या डोंगरउतारावर आदळलं. अधिकृत आकडा सहा मृत्यूंचा आहे. म्हणूनच बहुतेक देश समुद्रकिनाऱ्यावरून, पाण्याच्या दिशेने रॉकेट सोडतात आणि त्या वेळेपुरता तो समुद्र व आकाश रिकामं करून घेतात. तळापासून आणि रॉकेटच्या मार्गापासून दूर राहणाऱ्याला या धोक्याची काळजी करण्याचं कारण नाही.

१६. टीव्हीचे आणि जीपीएसचे उपग्रह पडले तर?

ते पडत नाहीत. टीव्हीचे उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर, जीपीएसचे सुमारे २०,२०० किलोमीटरवर. तिथे ओढून खाली आणायला हवाच नाही. टीव्हीचा उपग्रह म्हातारा झाला की त्याला आणखी तीनेकशे किलोमीटर वर नेऊन सोडतात.

१७. आता हजारो इंटरनेट उपग्रह सोडताहेत. यापुढे रोज काहीतरी डोक्यावर पडणार का?

पडणाऱ्यांची संख्या वाढणार, वाढलीच आहे. आज दहा हजारांहून अधिक उपग्रह चालू स्थितीत आहेत, त्यात निम्म्याहून जास्त एकट्या स्टारलिंकचे. ते मुद्दाम खालच्या कक्षेत ठेवतात, म्हणजे बिघडले तरी काही वर्षांत आपोआप उतरावेत, आणि पूर्ण जळावेत अशा बेताने बांधतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये सोडलेल्या ४९ पैकी जवळजवळ ४० उपग्रह सौर वादळामुळे काही दिवसांतच उतरून जळाले, जमिनीवर त्रास झाला नाही. अमेरिकेत काम संपल्यावर पाच वर्षांत उपग्रह उतरवण्याचा नियम २०२२ मध्ये झाला, पूर्वी २५ वर्षं चालायची.

पण 'पूर्ण जळेल' या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवायला मी तयार नाही. अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीच्या ड्रॅगन यानाचा मागचा भाग जळेल असं धरलं होतं, तरी त्याचे मोठे तुकडे २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांच्या कुरणात उभे सापडले आणि २०२४ मध्ये कॅनडातल्या शेतात.

आणि जळालेलं जातं कुठे? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत स्थितांबर या वातावरणाच्या वरच्या थरातल्या गंधकाम्लाच्या मोठ्या कणांपैकी सुमारे दहा टक्के कणांत यानांमधलं ॲल्युमिनियम आणि इतर धातू आढळले. मला डोक्यावर पडणाऱ्या तुकड्यापेक्षा ही गोष्ट जास्त अस्वस्थ करते.

१८. क्षेपणास्त्राने आधीच उडवून का देत नाहीत?

एकदा दिलं होतं. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेने स्वतःचा यूएसए-१९३ हा निकामी उपग्रह युद्धनौकेवरून क्षेपणास्त्र सोडून फोडला, त्यातल्या सुमारे साडेचारशे किलो हायड्राझिनचं कारण देऊन. तो खूप खाली आलेला असल्यामुळे बहुतेक तुकडे लवकर खाली आले. उंचावर असं केलं तर काय होतं ते चीनच्या २००७ च्या चाचणीने दाखवलं: नोंद घेता येतील असे तीन हजारांहून अधिक तुकडे, त्यातले पुष्कळसे अजून वर. एक धोका फोडून हजार करायचे, हा उपाय नव्हे.

१९. विमानात असताना असं झालं तर?

वैमानिकाला आणि नियंत्रण कक्षाला आधी सूचना असते. ४ नोव्हेंबर २०२२ ला लाँग मार्च ५बी चा टप्पा येत असताना स्पेनने आपल्या आकाशाचा काही भाग सुमारे चाळीस मिनिटं बंद केला, शेकडो विमानांना उशीर झाला. टप्पा प्रशांत महासागरात पडला.

२०. माझी नऊ वर्षांची मुलगी आठवडाभर खिडकीजवळ झोपत नाही. तिला काय सांगू?

'काही होत नाही, झोप' हे सांगू नका, तिने बातमी ऐकली आहे आणि तुम्ही टाळताय हे तिला कळतं. पृथ्वीगोल किंवा मोठा नकाशा घ्या. डोळे मिटून बोट ठेवायला सांगा, वीस-पंचवीस वेळा, आणि पाणी किती वेळा आलं ते तिलाच मोजू द्या. जमीन आली तर 'इथे कोण राहतं?' हे दोघी मिळून शोधा. एका मुलाबरोबर मी हे केलं तेव्हा तेविसाव्या वेळी त्याचं बोट सहारात पडलं आणि तो म्हणाला, 'इथे तर उंटच.' तो त्या रात्री झोपला.

बातमी चालू असेपर्यंत तिच्यासमोर टीव्ही बंद ठेवा आणि अखेर ते कुठे पडलं हे तिला आठवणीने सांगा. शेवट कळला नाही तर भीती तशीच राहते. मोठ्यांनाही हेच लागू आहे. भीती महिनोन्महिने हटत नसेल, आकाशाखाली जाणंच टाळलं जात असेल, तर समुपदेशकाशी बोला. अशा भीतीवर चांगले उपचार आहेत.

२१. काही वस्तू जळतच नाहीत असंही वाचलं. खरं?

एक होती. कॉसमॉस ४८२ हे सोव्हिएत यान ३१ मार्च १९७२ ला शुक्राकडे निघालं आणि पृथ्वीच्याच कक्षेत अडकलं. त्याची उतरणारी कुपी सुमारे पाचशे किलोची, शुक्राच्या भयंकर वातावरणात शिरण्यासाठी बनवलेली, त्यामुळे आपली हवा तिला जाळू शकणार नाही असाच अंदाज होता. ५३ वर्षं फिरून ती १० मे २०२५ ला उतरली. रशियाच्या अवकाश संस्थेच्या म्हणण्यानुसार जकार्ताच्या पश्चिमेला हिंदी महासागरात.

२२. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक पाडणार आहेत म्हणे. ते तर केवढं मोठं आहे!

सुमारे ४२० टन, आजवर खाली आणलेल्या कुठल्याही वस्तूपेक्षा कितीतरी मोठं. म्हणूनच ते प्रश्न ८ मधल्या पहिल्या प्रकाराने, नियंत्रित पद्धतीने आणायचं ठरलं आहे. नासाने जून २०२४ मध्ये स्पेसएक्सला त्यासाठी खास यान बांधायचं काम दिलं. २०३० नंतर ते यान स्थानकाला जोडून, शेवटचा धक्का देऊन, दूरच्या महासागरात उतरवायचं आहे. तोवर स्थानक अधूनमधून इंजिनं चालवून उंची राखतं. ते सोडून दिलेलं नाही. त्या वेळी पुन्हा बातम्या येतील, पुन्हा मेसेज फिरतील. तेव्हा आधी 'नियंत्रित' हा शब्द तपासा, मग वेळेची पट्टी, मग रेषा.